ज्याच्या त्याच्या वयाचा तारा

मुलांना तारे दाखवायचेत म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, टेलिस्कोप कुठला घेऊ? सोसायटीतल्या बऱ्याच जणींनी मलाही विचारून झालंय, कारण आमच्या टेरेसवर रात्री पोरं गोळा होतात हे आता सगळ्या विंगमध्ये माहितीये. तर आधीच सांगते, आमच्याकडे टेलिस्कोप नाहीये. एक १०×५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण आहे, ती पण बऱ्याच उशिरा आली, सुरुवातीचे कितीतरी महिने नुसत्या डोळ्यांवर गेले आणि मला विचाराल तर तेच बरं झालं. मी काही खगोलशास्त्रातली नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करते. लहानपणी वडिलांनी मृग आणि सप्तर्षी दाखवले होते तेवढंच भांडवल.

सुरुवात जानेवारीत केली. पुण्याचं आकाश रात्री पण नारिंगीच असतं, आमच्या मागे तर मेट्रोच्या कामाचे फ्लडलाईट, पण जानेवारीत एक सोय असते की सगळ्यात ठळक तारे एकाच वेळी वर असतात. साडेआठ-नऊला पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की मृग समोरच. चार कोपऱ्यांना चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात ओळीत तीन तारे म्हणजे घुसलेला बाण. ती बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, ज्याने बाण मारला तो, आणि रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. उलट दिशेला वर वाढवली की रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. एवढं एकदा बोटाने दाखवलं की मुलं परत विसरत नाहीत. पहिल्या रात्री मी फक्त एवढंच दाखवलं आणि खाली आणलं. लेक (तेव्हा साडेअकरा) म्हणाली अजून दाखव, मी म्हटलं उद्या. हे मुद्दाम. एकदम पन्नास नावं ओतली की दुसऱ्या दिवशी एकही येत नाही डोक्यात.

दुसऱ्या दिवशी रंगांवर गेलो. मृगाचा एक पाय, काक्षी, नीट बघितलं तर तांबूस दिसतो आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. हे पोरांना आधी पटत नाही, सगळे तारे पांढरेच असतात असं त्यांनी चित्रात बघितलेलं असतं. मी सांगितलं की तांबडा थंड, म्हणजे त्यातल्या त्यात थंड, साडेतीन हजार अंशांच्या आसपास, आणि निळा त्याच्या तिप्पट-चौपट गरम. लगेच धाकटा (सहा वर्षांचा) म्हणाला, गिझरच्या नळावर तर लाल म्हणजे गरम असतं. बरोबर आहे त्याचं, नळवाल्यांनी उलटंच करून ठेवलंय.

आता अंतराचा विषय. इथे सगळी गाडी अडते. प्रकाशवर्ष हे वर्ष नसून अंतर आहे, प्रकाश एका वर्षात साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो, वगैरे सांगून बघा, मुलं मान डोलावतात आणि त्यांच्या डोळ्यांवरून कळतं की काही पोचलेलं नाही. आपल्याला तरी कुठे पोचतं. मग एका रात्री बोलता बोलता सुचलं म्हणून लेकीला म्हटलं, तुझ्या वयाचा तारा शोधू. म्हणजे असा तारा, की तू जन्मलीस त्या सुमाराला तिथून निघालेला उजेड आत्ता तुझ्या डोळ्यात शिरतोय. ती साडेअकराची आणि प्रश्वा आहे साधारण साडेअकरा प्रकाशवर्षांवर! व्याधाच्या डावीकडे जरा वर जो ठळक तारा दिसतो तोच. ती एकदम गप्प झाली आणि मग खाली पळाली ती वही घेऊनच वर आली.

त्या वहीत पुढच्या दोन आठवड्यांत अख्खी सोसायटी आली. मुलांचे बाबा त्रेचाळीस वर्षांचे, त्यांचा ब्रह्महृदय, ईशान्येला वर, पिवळसर. त्यांना हे नाव इतकं आवडलं की दोन दिवस घरात त्याचाच उल्लेख चालू होता. सासूबाई पासष्टच्या, त्यांची रोहिणी. मी सदतीस, माझा स्वाती, पण तो हिवाळ्यात संध्याकाळी नसतोच, मला एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. समोरच्या विंगमधले काका एकोणऐंशीचे, त्यांची मघा, तीही जानेवारीत रात्री जरा उशिराच वर येते, तर ते काका कानटोपी घालून साडेदहाला टेरेसवर हजर. चौतीस वर्षांच्या कोणालाही पुनर्वसूतला एक तारा मिळतो, दोघांपैकी जास्त तेजस्वी तो. दोन्ही जुळ्यांसारखे दिसतात म्हणून ते शेजारी आहेत असं वाटतं पण दुसरा आहे एक्कावन्नवर. हे पोरांनीच शोधून काढलं, मी सांगितलं नव्हतं. वर्षभराचा इकडेतिकडे फरक पडतो, ताऱ्यांची अंतरं काही टेपने मोजलेली नसतात, पण त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

पंचाईत झाली धाकट्याची. त्याला सहाचा तारा पाहिजे आणि आकाशात तो नाहीच. म्हणजे आहे, बर्नार्डचा तारा नावाचा, बरोब्बर सहा प्रकाशवर्षांवर, पण इतका मंद की नुसत्या डोळ्यांनी दिसणं शक्य नाही. सूर्य सोडला तर डोळ्यांनी दिसणारा सगळ्यात जवळचा तारा म्हणजे मित्र, साडेचारच्या जरा अलीकडे, आणि त्यानंतर डायरेक्ट व्याध, ८.६ वर. मधल्या पट्ट्यात जे काही आहे ते सगळं असलंच मिणमिणतं, दुर्बिणीशिवाय न दिसणारं. सगळ्यांना आहे आणि मलाच नाही म्हणून रडारड. शेवटी ताईनेच त्याला गुंडाळलं, तू जन्मलास ना तेव्हा व्याधावरून निघालेला उजेड अजून रस्त्यात आहे, तुझ्याकडेच यायला निघालाय, अजून अडीच वर्षांनी पोचेल. हे त्याला इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हॅनमध्ये सगळ्यांना सांगत होता माझं पार्सल येतंय म्हणून. ८.६ म्हणजे आठ वर्षं सात महिने, ते कॅलेंडरवर कुठे येतं हेही त्याने बाबांकडून काढून घेतलं.

मे महिन्यात गावाला गेलो, जुन्नर तालुक्यात. तिथं अंधार बरा मिळतो, पण बिबट्यांमुळे संध्याकाळनंतर शेतात कोणी जाऊ देत नाही, ऊस उभा असला की तर नाहीच, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे सगळा कार्यक्रम घराच्या स्लॅबवर. उत्तरेला सप्तर्षी अगदी वर होते. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून बारीकशी अरुंधती, ती दिसते का हा डोळ्यांचा जुना टेस्ट, धाकट्याला लगेच दिसली, बाबांना चष्मा पुसून पण दिसेना. शेजारचे एक आजोबा वर आले होते, ते म्हणाले याला आम्ही बाजलं म्हणायचो, चार खुरांचं म्हातारीचं बाजलं आणि मागचे तीन ते चोर, बाजलं चोरायला आलेले. आणि तुमच्या मृगाला तिकांडं. मुलांनी ऋषी तिथल्या तिथे रद्द केले, आमच्या घरात आता बाजलंच चालतं.

त्याच आजोबांमुळे एक भारी प्रश्न निघाला. ते म्हणाले आता रोहिणी लागतील, मग ७-८ जूनला मृग लागला की पेरण्या. लेक म्हणाली, पण मृग तर आत्ताच पश्चिमेला बुडायला आलाय, जूनमध्ये दिसणारच नाही मग लागला कसा? मला उत्तर माहिती होतं पण तोंडी सांगून डोक्यात शिरेना, म्हणून पावसाळ्यात पुण्याला परत आल्यावर करून दाखवलं. हॉलच्या मधोमध टेबललॅम्प म्हणजे सूर्य, चार भिंतींवर कागद चिकटवले, मृग, सिंह, वृश्चिक, महाश्व, आणि धाकट्याला पृथ्वी करून लॅम्पभोवती फिरवला. लॅम्पकडे पाठ केली की रात्र, जी भिंत समोर येईल ती रात्री दिसणार. चालत चालत तो अशा जागी आला की लॅम्पच्या बरोबर मागे मृगाचा कागद. म्हणजे सूर्य मृगात. म्हणजे मृग दिवसा डोक्यावर, उजेडात बुडालेला, रात्री कुठून दिसणार? शेतकरी मृग लागला म्हणतात तेव्हा तो दिसत नसतो हेच त्याचं लक्षण. सासूबाई आयुष्यभर रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी पावसाची नक्षत्रं तोंडपाठ म्हणतात, त्या सोफ्यावरून म्हणाल्या, हे असं आहे होय. मग त्यांनाही उठून एक फेरी मारायची होती.

पावसाळ्यात आकाश बंद, पण हातात तो वेळ होता म्हणून दीर्घिकांकडे, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांकडे (गॅलेक्सी) वळलो. इथे मोठ्या माणसांचाही गोंधळ असतो. तारे, सूर्यमाला, आकाशगंगा, विश्व हे सगळं एकाच पिशवीत. मुलांना आधी हे सांगावं लागलं की आजपर्यंत टेरेसवरून तुम्ही जे जे तारे बघितले, काका-आजीसकट सगळ्यांचे, ते सगळे एकाच घरातले, आपल्या आकाशगंगेतले. त्यात साधारण १० हजार ते ४० हजार कोटी तारे आहेत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला उजेडालाच एक लाख वर्षं लागतात. अशा आणखी दीर्घिका आहेत, असंख्य. आणि हे कळून फार दिवस झालेले नाहीत, १९२३-२४ पर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञ सुद्धा भांडत होते की ते धुरकट ढग आपल्याच आत आहेत की बाहेर. मग एडविन हबलने अमेरिकेतल्या माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानी नावाच्या अशाच एका धुरकट ढगातला एक ठराविक पद्धतीने कमीजास्त होणारा तारा पकडला, त्यावरून अंतर काढलं आणि ते आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरचं निघालं. त्या ताऱ्यांचा कमीजास्त होण्याचा वेळ आणि त्यांचं तेज यांचा संबंध त्याआधीच हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी शोधून ठेवला होता, त्याशिवाय हे गणित झालंच नसतं. लेकीने वहीत लेव्हिटबाईंना चौकट केली, हबलला नाही.

मोजमापासाठी स्वयंपाकघर वापरलं. सूर्य जर मोहरीएवढा, दोन मिलिमीटरचा धरला, तर शेजारचा तारा म्हणजे दुसरी मोहरी किती लांब ठेवायची? मुलं म्हणाली जिन्यात, मग म्हणाली गेटपाशी. हिशोब केला तर साठ किलोमीटर निघतं. एक मोहरी पुण्यात आमच्या ओट्यावर, दुसरी लोणावळ्याला. मध्ये काही नाही. आणि मग दुसरा हिशोब, अख्खी आकाशगंगा जर आपलं जेवायचं ताट धरलं, तीस सेंटिमीटरचं, तर देवयानी दीर्घिकेचं ताट कुठे? आता लेक मुंबई म्हणणार असं वाटलं, आणि म्हणालीच. पण ते येतं फक्त साडेसात मीटरवर. आमच्या हॉलच्या एका टोकापासून बाल्कनीपर्यंत. म्हणजे तारे एकमेकांपासून भयंकर लांब आणि दीर्घिका त्यांच्या आकाराच्या मानाने अगदी जवळजवळ. मला स्वतःला हे माहिती नव्हतं, हिशोब करताना कळलं, आणि दीर्घिका एकमेकींवर आदळतात पण तारे सहसा आदळत नाहीत असं वाचलेलं होतं त्याचा अर्थ तिथे लागला.

त्याच दिवशी धाकट्याचा प्रश्न, आपण आतच आहोत तर आकाशगंगेचा बाहेरून फोटो कोणी काढला? हा प्रश्न मला ४० हजार कोटींपेक्षा जास्त आवडतो. उत्तर असं की कोणीच नाही. पुस्तकातली ती गोल भोवऱ्यासारखी आकाशगंगा चित्र आहे, आतून मोजून काढलेलं. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ हे माणसाने सगळ्यात लांब पाठवलेलं यान, ते आत्तापर्यंत जेवढं लांब गेलंय तेवढं जायला उजेडाला जेमतेम एक दिवस पुरतो. बाहेर पडायला हजारो वर्षं लागतील उजेडालाच, यानाचं तर बोलायलाच नको. पुस्तकवाल्यांनी खाली बारीक अक्षरात ‘चित्र’ असं छापायला काय हरकत आहे कळत नाही.

देवयानीसाठी दिवाळीची सुट्टी धरली. लोकांच्या लक्षात येत नाही पण लक्ष्मीपूजन अमावस्येलाच असतं, त्यामुळे त्या चार-पाच रात्री चंद्राचा त्रास नाही. पुण्यात धुरामुळे उपयोग शून्य, गावी मात्र भाऊबीजेला चंद्रकोर लवकर मावळली आणि फटाके पण संपलेले होते. समोरच्या घरावरचा पांढरा एलईडी तेवढा थेट डोळ्यात येत होता, भावजींनी जाऊन तो बंद करवला आणि तासाभराने गावाचीच लाईट गेली, तेव्हा आमच्या स्लॅबवर जो जल्लोष झाला तो ऐकून खालून विचारणा झाली की क्रिकेट जिंकलं का. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावला होता. मोबाईल सगळ्यांचे खाली ठेवायला लावले, यावर मी अडूनच बसते, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक मेसेज बघितला की परत पहिल्यापासून. स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप छान आहे, फुकट आहे, पण ते दुपारी घरात बघून घ्यायचं. आकाशाखाली अ‍ॅप उघडलं की मुलं स्क्रीनकडे बघतात आणि वरचं आकाश राहून जातं.

डोळे सरावल्यावर आकाशगंगेचा पट्टा दिसला, वायव्येला हंस या तारकासमूहापासून निघून उत्तरेच्या आकाशातून शर्मिष्ठेकडे आणि तिथून ययातीकडे, हेही तारकासमूहच. पुण्यात वाढलेल्या मुलांनी तो पहिल्यांदाच बघितला, पहिली पाच मिनिटं त्यांना तो ढगच वाटत होता. सासूबाईंनी मग गोष्ट लावली, शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत कसं ढकललं, ययातीने हात देऊन कसं वर काढलं, वृषपर्वा शर्मिष्ठेचा बाप, आणि गंमत म्हणजे हे सगळे वर एकमेकांशेजारीच आहेत त्यामुळे गोष्ट ऐकता ऐकता बोट फिरवत नकाशा पाठ होतो. महाश्वाचा मोठा चौकोन, त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानीची रेघ, रेघेवरचा दुसरा ठळक तारा पकडायचा, तिथून शर्मिष्ठेच्या बाजूला वळून दोन मंद तारे, आणि दुसऱ्याच्या शेजारी तो धुरकट डाग.

इथे एक सांगून ठेवते. मुलांना आधीच बजावा की तिथे रंगीत भोवरा दिसणार नाहीये. मी पावसाळ्यापासून सांगत होते, राखाडी बोट पुसल्यासारखं दिसेल, दुर्बिणीतून लांबट होईल, बास. आणि थेट त्याच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं म्हणजे डोळ्याच्या कडेने मंद गोष्टी जास्त दिसतात. तरी सोबत आलेला भाचा म्हणालाच, एवढंच? लेक त्याच्यावर खेकसली, एवढंच काय, २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे. मग वही निघाली. हा कोणाच्या वयाचा? आजीच्या पण नाही, आजीच्या आजीच्या पण नाही. आपल्यासारखी माणसंच मुळी तीन लाख वर्षांच्या आसपासची, म्हणजे हा निघाला तेव्हा वयाचा हिशोब ठेवायला आपल्यातलं कोणीच नव्हतं. लेकीने त्या ओळीसमोर नावाच्या रकान्यात रेघ मारली. धाकट्याने विचारलं मग ती आत्ता आहे का तिथं? म्हटलं असणार, दीर्घिका एवढ्यात कुठे जात नाहीत, पण आत्ताची देवयानी बघायची असेल तर २५ लाख वर्षं थांबावं लागेल. तो म्हणाला त्याला व्याधासाठीच थांबायचंय.

फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो, गावापासून जवळच आहे, इतकी वर्षं नारायणगावला जाता-येता लांबूनच त्या डिश बघायचो. एकेक ४५ मीटर व्यासाची, अशा ३०, पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. तुफान गर्दी, शाळांच्या बसच्या बस. मुलांचा पहिला प्रश्न होता डोळा कुठे लावायचा. तिथल्या एका ताईंनी फार छान समजावलं, ही रेडिओ लहरी पकडते, हायड्रोजनचे अणू स्वतःहून २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतात त्या ऐकते, आणि आपला मोबाईल म्हणजे तिच्या कानाशी वाजणारा डीजे. जीएमआरटीने पकडलेला एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता, हे २०२३ मध्ये जाहीर झालं. आपली पृथ्वीच साडेचारशे कोटी वर्षांची, म्हणजे सिग्नल निघाला तेव्हा सूर्य पण नव्हता. लेकीने हा आकडा वहीत शेवटच्या पानावर लिहिला, वयाची ओळ आता खूपच खाली गेलीये.

सध्याची भानगड अशी आहे की तळमजल्यावरची साडेचार वर्षांची एक बाई रोज संध्याकाळी बेल वाजवून माझा तारा दाखवा म्हणते. तिचा मित्र. पण तो पुण्याहून दिसतो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा, आणि मेच्या मध्याला तो तिथे येतो रात्री साडेअकराच्या सुमारास. आमच्या टेरेसच्या दक्षिणेला नवीन टॉवरचे मजले चढतायत. तिला तोपर्यंत जागं ठेवायला तिच्या आईची परवानगी अजून मिळालेली नाही, बाबा नववा मजला व्हायच्या आत उरकून घ्या म्हणतायत.